डोळा धरला का

मांजरीला, रेल्वे फाटकाच्या अलीकडे,
हिरव्या जाळीखाली अकरा हजार पिशव्या.
प्रत्येकीत पेन्सिलीएवढा जाड झालेला खुंट,
काटेरी, बिननावाचा.
माझं काम हजेरी मांडायचं.
झुंबरबाईचं काम डोळे भरायचं.

पाटावर बसते, एक गुडघा उभा,
बोटांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे गुंडाळलेले.
अंगठ्याने काटे मोडते. टक्. टक्.
सालीवर एक आडवा काप, एक उभा,
चाकूच्या पाठीने साल अशी उचकटते
जसं पाकीट उघडावं, आतली नोट न फाटता.
मग गुलाबाच्या काडीवरचा डोळा
सालीच्या होडीसकट आत सरकवते.
वरून पट्टी, पाच वेढे,
डोळा तेवढा उघडा.

कॉलेजात आम्ही गाजराच्या फोडीत देठ धरून
ब्लेडने पातळ काप घ्यायचो,
लाल रंगात बुडवून काचेखाली बघायचो.
बाहेर साल, आत लाकूड, आणि मध्ये
कँबियमची ती एकच रेघ,
आत लाकूड देणारी, बाहेर साल देणारी,
स्वतः मात्र रेघच राहणारी.
मला त्यात दहापैकी आठ होते.
झुंबरबाई म्हणते, "बोटाला चिकाट लागतंय
तवर जितं असतंय."
तिचे हजारातले साडेनऊशे धरतात.

यंदा पौषात माझ्या वहीत तिचे आकडे घसरले.
सातशे. मग सहाशे दहा.
काही पिशव्यांत डोळा चक्क उलटा भरलेला,
कोंब जमिनीकडे बघत.
मालकाला मी वही दाखवली नाही, हे खरं.
तिलाही काही बोलले नाही, हेही खरं.
शेवटी तीच म्हणाली,
"चाकू दिसतुया गं. काप दिसंना झालाय."

हडपसरच्या दवाखान्यात डॉक्टर समजावून सांगत होते,
एक बारीक छेद घ्यायचा,
आतलं गढूळ भिंग काढायचं,
नवं सरकवायचं, टाकासुद्धा नाही.
ती मान डोलवत ऐकत होती,
आपलाच धंदा कुणी परक्याने सांगावा तशी.
"अन् बांधायचं कशानं?" तिने विचारलं.
डॉक्टर हसले.
ती नाही हसली. "धरंल न्हवं?"

ती नव्हती त्या तीन आठवड्यांत
मी भरले दोनशे डोळे,
पुस्तकातल्या सगळ्या नावांसकट.

काळा चष्मा लावून ती परत आली,
आणि पहिल्यांदा माझ्याच ओळीत शिरली.

डोळा काढताना पान कापायचं, देठ ठेवायचा.
नखाएवढाच, पण सगळं तोच सांगतो.
बोट लावताच गळून पडला, तर खाली डोळा धरला.
सुकून, काळा पडून, चिकटून राहिला
तर समजायचं, गेला.
सोडणारा जगतो. हे मला कुठल्या वहीत लिहायचं
अजून कळलेलं नाही.

तिने बोट लावलं. चिकटलेला.
चिकटलेला. चिकटलेला. गळाला.
चिकटलेला.
ओळ संपेपर्यंत मी दुसरीकडे बघत राहिले,
सोलापूर रस्त्याकडे, रोपांच्या टेम्पोकडे.
"एकोणीस," ती म्हणाली.
आणि थोडं थांबून, "पहिल्या खेपेला लई झाले."

बाकीच्या खुंटांना बुडातून फुटवे आले.
एरवी आम्ही ते कापतो,
वरच्याच्या तोंडचं खातात म्हणून.
इथे वर कुणी नव्हतंच.
एक पिशवी मी घरी नेली, गॅलरीत ठेवली,
कात्री लावली नाही.

पुढल्या वर्षी थंडी सरताना
त्याला घोस आला, पांढरी, पाच पाकळ्यांची,
रुपयाएवढी फुलं.
एक डहाळी डब्याच्या पिशवीत घालून
तिच्याकडे नेली, नाव विचारायला.
तिने चष्मा कपाळावर चढवला,
डावा डोळा अगदी जवळ नेला,
देठ, पान, काटा, परत देठ.

"खुंटच की ह्यो," ती म्हणाली.
आणि फूल पदराआड कुठेतरी ठेवून
पुढची पिशवी ओढली.