परतीचं पाणी

हवासा. रात्रपाळी.
झेनेबेच आधी पंपाला कान लावते,
मग काटा बघते. चौदा बार.
पडदा आज कुरकुरतोय.

आत शिरतं ते निळं,
कालच्या कापडांचं धुणं.
बाहेर येतं ते कशाचंच नाही.

पाहुण्यांसमोर साहेब म्हणाले, पिऊन दाखव.
ती प्यायली.
जीभ बराच वेळ शोधत राहिली काहीतरी.
गावच्या विहिरीनं दात पिवळे केले तिचे,
पण त्या पाण्याला चव होती.

पडदा नाहीसं काही करत नाही,
नुसतं वेगळं काढतो.
मिठाची पोती मोजून ती सही करते:
एकतीस.

पहाटे तळ्याकाठी टकले करकोचे उभे,
कोळ्यांच्या होड्यांची वाट बघत.
भिंतीआड
तेच पाणी पुन्हा रंगाच्या पिंपात उतरतं,
तळ्याला न भेटताच.