लादी

हर्णैला बर्फ विकण्यात बावीस वर्षं गेली माझी.
म्हणून हेमराज म्हणाला,
"भाऊ, आता माझ्याकडेही बर्फ असतो,"
तेव्हा मी हसलो.

चिमूटभर. काचेचा चुरा जसा.
जाळं ओढताना झोप येत नाही म्हणे,
चार रात्री, पाच रात्री.
तांडेल खूश.

मग होड्या शाकारल्या, समुद्र बंद झाला,
हा चालूच.
यामाहाचं इंजिन खोललं, ओटीवर मांडलं,
नट पुसले, जोडलं, परत खोललं.
कोपरापर्यंत खाजवून रक्त काढलं:
कातडीखाली जवळा फिरतोय, म्हणायचा.
आईनं पेज पुढे केली
तर वाटी हुंगून विचारलं,
कोणी पाठवलंय तुला?

चोविसाव्या वर्षी पुढचे दात गेले.
बांगड्याचे काटे काढून द्यावे लागतात.

मला कळायला हवं होतं.
बर्फातल्या सुरमईचा डोळा चकाकतो,
गिऱ्हाईक फसतं.
मी कल्ला उघडून बघतो नेहमी.
त्याचा डोळा चकाकत होता,
आणि मी म्हणत होतो, पोरगा कामाला वाघ आहे.

नारळी पौर्णिमेनंतर रत्नागिरीच्या इस्पितळातून आला.
दिवसदिवस झोपतो.
आज कारखान्यात येऊन उभा राहिला,
लादीवर तळहात टेकला.
"गार आहे," म्हणाला.
हात काढेना.
बाहेर होडीवाला बोंबलतोय, भरती चाललीय,
दोन क्रेट दे लवकर.
टोचा हातात धरून
मी उभा.