वहीत नसलेलं वाक्य

फलकावर नाव नीलाताई बेळगावकर.
खरं नाव नीलव्वा, गाव घटप्रभेकडचं,
घरातलं बोलणं कानडी,
आणि गेली बावीस वर्षं
आमच्या सगळ्या मराठी नाटकांची आई.

बेकिनकेऱ्याच्या यात्रेआधी दोन दिवस यायची.
पत्र्याची पेटी, एक इरकल, दोन चष्मे,
एक आईचा, एक स्वतःचा.
तिची वही मी एकदा उघडून बघितलो.
'बाळांनो, हे घर तुमच्या बाबांच्या घामाचं आहे'
सगळं मराठी, सगळं कानडी अक्षरांत,
गोल गोल, जोंधळा सांडल्यासारखं.
मला एक अक्षर लागलं नाही.
शाळेत कानडीच्या तासाला मी
पाटलाच्या मळ्यात चिंचा पाडत होतो.

मी प्रॉम्प्टर. विंगेत पाटावर बसतो,
मांडीवर वही, वहीवर बॅटरी.
वर्षातून एक रात्र सगळं गाव माझ्या जिभेवर,
आणि मी कुणाला दिसत नाही.

त्या वर्षी थोरला झाला कल्लाप्पा, धाकटा भरमू.
दोघं सख्खे भाऊ. परड्यातल्या भिंतीवरून
चार वर्षं बोलणं नाही.
मास्तरांना वाटलं, नाटकात तरी बोलतील.
बोलायचे की. लिहिलेली भांडणं, अगदी मन लावून.
तालीम संपली की कल्लाप्पा मारुतीच्या बाजूनं घरी,
भरमू तळ्याच्या बाजूनं.
घर एकच. दारं दोन.

नीलव्वा बघत होती. काही बोलली नाही.
डब्यातली भाकरी मोडून
दोघांच्या हातावर अर्धी अर्धी ठेवायची,
"अंकात भांडायचं तर पोटात काहीतरी पाहिजे की."

तिसरा अंक. रात्रीचे अडीच.
पोरं घोंगड्यांत, म्हातारे बिड्यांत.
थोरला म्हणतो वाटणी, धाकटा म्हणतो आत्ताच.
वहीत पुढचं काय, मला पाठ:
आई पदर डोळ्यांना लावते,
तुळशीपुढं कोसळते,
पडदा.

ती कोसळली नाही.
पदर कमरेला खोचली.
आईचा चष्मा काढून स्वतःचा लावली
आणि दोघांना नीट बघितली, वेळ घेऊन,
बाजारात वांगी बघतात तशी.
मी वाक्य दिलो. परत दिलो.
तिसऱ्यांदा एवढ्या मोठ्यानं दिलो
की पुढच्या रांगेतलं पोर जागं झालं.
ती माझ्याकडं हात केली, माशी वारल्यागत,
आणि म्हणाली,
"यारू होगंगिल्ल. कुंदर्री."

कुणी जायचं नाही. बसा.

कल्लाप्पाला डावीकडून जायचं होतं, भरमूला उजवीकडून.
दोघंही पाय उचलून तसेच.
अंधारातून कुणीतरी खोकलं,
मग एक म्हातारी, पदराआडून,
"बसा की रे, ती सांगतीया."
आणि ते बसले,
पुठ्ठ्याच्या तुळशीकट्ट्यावर, जो एकाचंच वजन पेलायचा.
पुठ्ठा वाजला. कुणी हसलं नाही.
पडदा ओढायचं पोर माझ्याकडं बघतंय,
मी वहीकडं,
आणि वही कोरी असल्यासारखी.

मास्तर आत आले ते पेटलेलेच:
"माझा शेवट कुठं गेला?"
ती खोबरेल तेलानं तोंडावरचा रंग पुसत होती.
"मास्तर, बावीस वर्षं कोसळून झालं.
गुडघे राहिले नाहीत."
पाकिटातले पैसे दोनदा मोजली,
वीस रुपये कमी होते ते मागून घेतली,
रात्रीच्या आमटीला मीठ कमी होतं, तेही सांगितली,
आणि पहाटेच्या बसला पेटी चढवली.

भिंत आहे अजून. कुणी पाडलं नाही.
पण आमच्यात आता पाव्हणा ताटावरून
लवकर उठायला लागला की
कुणीतरी म्हणतंच, यारू होगंगिल्ल.

बस सुटायच्या आधी मी ते वाक्य
वहीच्या समासात तिच्याकडून लिहून घेतलो होतो.
नाटक दर वर्षी नवं, वही नवी,
ते पान तेवढं फाडून आत ठेवतो.
वाचता येत नाही मला.
बॅटरी लावली की पहिल्यांदा
उजेड तिथं पडतो.