गुरुबळ

पहाटेचे पाच चाळीस. गिट्टीखदान.
काचेवर इतकं दव
की बोटानं नाव लिहिता यावं.
किल्ली फिरवते.
खर्र. खर्र. खर्र्र्र.
मग ती टक्-टक्, जी ऐकून बाबा म्हणायचे,
"थांब आता. तिला रागावू नको."

बाबांची आठशे. चौऱ्याण्णवची.
चोक ओढायचा, पाय एकदाच दाबायचा, सोडायचा,
सगळं मला पाठ आहे,
पण डिसेंबरला पाठांतर चालत नाही.

डिकीत दुर्बीण.
फेटरीच्या पुढं आश्रमशाळेच्या मैदानात
बेचाळीस मुली सतरंज्या टाकून बसल्या असतील,
गुरू बघायला.
सूर्याच्या आधी पोचते म्हटलं होतं.

तो आहे, पाण्याच्या टाकीच्या डावीकडं,
लुकलुकतसुद्धा नाही.
तेराशे पृथ्व्या मावतील एवढं पोट,
वजन मात्र जेमतेम तीनशे अठरांचं.
जमीन नाहीच. उतरायला जाल तर
ढग, मग दाट ढग,
मग ज्याला ढग म्हणवत नाही असं काहीतरी,
आणि खूप खाली
दाबून दाबून धातू झालेला हायड्रोजन.
एवढं धूड, आणि दहा तासांच्या आत स्वतःभोवती गिरकी.
आमची ही तर कोपऱ्यावर वळतानाही
दोनदा विचार करते.

एकोणतिसाव्या वर्षी महालातल्या एका ज्योतिषानं
माझी पत्रिका उलटीसुलटी करून सांगितलं होतं,
"गुरुबळ नाही."
मी विचारलं, किती न्यूटन कमी पडतंय?
आईनं मांडीला चिमटा काढला.

मशिदीतून परतताना मुजीब थांबतो,
कानटोपी, स्वेटरवर स्वेटर.
"काऊन मॅडम, पकडून नाही रायली का?"
बॉनेट उघडतो, प्लग काढतो, हुंगतो.
"पेट्रोल पिऊन बसली. पुरी ओली.
आता सेल्फ मारू नका, पेट नाही घेत अशानं."

पेट नाही घेत.
वर्गात दरवर्षी मी हेच सांगते, गुरूबद्दल.
माल सूर्याचाच: तोच हायड्रोजन, तोच हेलियम.
ऐंशीएक पट वजन असतं तर आत ठिणगी पडली असती.
म्हणून पुस्तकात त्याला म्हणतात
तारा व्हायचा राहिलेला.
राहिलेला.
या शब्दाशी माझं जुनं भांडण आहे.

माझ्याच स्वयंपाकघरात, चहाशेजारच्या शेगडीवर,
चिमट्यात धरून तीन प्लग भाजले जातायत.
तोवर तिपाई रस्त्यातच उघडते.
मुजीब डोळा लावतो, श्वास धरतो.
"अरे बाप! चार पोट्टे घेऊन हिंडून रायला हा!"
दूधवाला सायकल भिंतीला टेकवून रांगेत उभा.

मी सांगते, सूर्याकडून घेतो त्याहून जास्त ऊब
हा बाहेर टाकतो.
"आग नाही म्हणता, मग ऊब कुठून?"
आकसतोय. दिसणार नाही इतका हळू,
स्वतःच्याच वजनाखाली.
जन्मताना तापला होता, ते अजून निवतंय.
मुजीब काळी बोटं फडक्याला पुसत राहतो.
"म्हणजे इंजिन बंद, पण बॉनेट गरम."

सव्वीस वर्षं शिकवतेय.
हे मला सुचलं नव्हतं.

फोन. वॉर्डन पेंदाम बाई: "मुली विचारतात, निघालात का?"
स्पीकरवर टाका म्हणते. पोरींनो, मावळतीकडं बघा.
जो डोळा मिचकावत नाही, तो.
पलीकडं आधी गलका, मग एकदम शांतता,
मग एकीचा आवाज, "बाई, तो आत्ता पुसट झाला."

प्लग बसले. दूधवाल्यानं मागून खांदा दिला.
दुसऱ्या धक्क्याला ती खोकली, पांढरा धूर सोडला,
अख्ख्या गल्लीचे कुत्रे जागे केले,
आणि धरली.

टाकीच्या डावीकडं आता नुसतं आभाळ.
तरी निघाले.
काटोल नाका ओलांडला तेव्हा ऊन आरशात आलं होतं.
बाबांच्या गाडीत हीटर नाही.
इंजिनची जी काय झिरपते
ती पायाशी.