सुधारणा आवश्यक

एप्रिल संपत आला. एकतीस प्रगतिपत्रकं,
प्रत्येकावर तीन रकाने,
आणि केंद्रप्रमुखांचा निरोप:
सोमवारी सकाळी वसमतला पोचती करा.

तीस झाली.
त्यांच्यासाठी वाक्यं तयारच असतात माझ्याकडे,
मिसळणाच्या डब्यासारखी.
'कविता तालासुरात म्हणतो.' 'गटकार्यात सहभागी होते.'
चिमूटभर हे, चिमूटभर ते.

एकतिसावा मुंजाजी.
तालासुरात म्हणत नाही. गटात बसत नाही.
हाक मारली की खिडकीकडे बघतो,
आणि आपण बघावं तर तिथे काहीच नसतं,
पलीकडच्या आखाड्यावर
कडब्याची एक गंज फक्त.

जूनमध्ये घंटा झाली की
तो कान दाबून बाकाखाली जायचा.
आमची घंटा म्हणजे रेल्वेरुळाचा तुकडा, लिंबाला टांगलेला;
ठोकला की ओढ्यापलीकडे ऐकू जातो.
मी त्याला बाहेर ओढायचे. दंडाला धरून.
हे कुठल्याच रकान्यात बसत नाही.

ऑगस्टात त्याची माय खुरपण सोडून तशीच आली,
चिखलाच्या पायांनी, उंबऱ्याच्या बाहेरच उभी.
"बाई, लेकरू येडं न्हाई हो माजं.
तुमी बोलायलाव ते समदं ऐकू यायलंय त्याला.
पाखराचं, पंख्याचं, समदंच
एकदम यायलंय."
मी मान हलवली,
शिक्षक हलवतात तशी.

फेब्रुवारीत परिसर अभ्यासाला पोरं घेऊन
हळदीच्या खळ्यावर गेले.
सगळी ढिगाऱ्यांवरून पळत होती.
हा उकिडवा बसून एकेक हळकुंड
कानाशी नेऊन मोडत होता.
खणकन वाजलं ते उजवीकडे,
दबकं वाजलं ते डावीकडे.
पॉलिशच्या ड्रमवाले मस्तानभाई येऊन थांबले,
दोन्ही ढिगांतलं एकेक दाताखाली धरलं, म्हणाले,
"डावीकडचं अजून दोन दिवस वाळवावं लागतंय."

आणि मी, अर्ध्या हळकुंडानं पिवळी झाले.
सापडला! मनातल्या मनात
त्याला स्टेजवर उभं केलं, हार घातला,
पालकांना टाळ्या वाजवायला लावल्या.

दुसऱ्या दिवशी त्यानं खिचडी सांडली,
वजाबाकीचं पान फाडलं,
आणि मी उचलायला गेले तर माझ्या मनगटाला चावला.
दातांचे वण चार दिवस होते.
तेवढ्या चार दिवसांत मला एक गोष्ट कळली:
हळद ही काही त्याची फी नव्हती,
वर्गात बसू देण्याबद्दल भरायची.

मग फार काही केलं नाही.
घंटेच्या जरा आधी तबस्सुम
त्याच्या बाकावर दोन बोटं टेकवते.
तो उठून हातपंपाकडे जातो,
रूळ वाजून थांबला की येतो. कधी येत नाही.
वजाबाकी पाटीवर नाही, हळकुंडांनी करतो.
काही दिवस तीही करत नाही.

तर, विशेष प्रगती.
'ओलं आणि वाळलेलं आवाजावरून ओळखतो.'
आवड, छंद.
'कडब्याची गंज.
रोज किती पेंढ्या कमी झाल्या, त्याला विचारावे.'
(मी विचारलं मार्चमध्ये. तोवर दोनशे अकरा.)

तिसरा रकाना.
पेन बराच वेळ तिथंच.
बाहेर लाईट गेली, पंखा हळूहळू थांबला,
आणि पहिल्यांदा मला ऐकू आलं
की तो वर्षभर केवढा करकरत होता.

लिहिलं: 'पंखा. घंटा. वर्गशिक्षिका.'

सोमवारी विचारतील, हे काय लिहिलंत बाई?
विचारू देत. पत्रकात खाडाखोड चालत नाही,
हा त्यांचाच नियम.

मोबाईलच्या उजेडात
झालेली तीस पुन्हा पुढे ओढली.
वरचंच तबस्सुमचं होतं.
'गटकार्यात सहभागी होते.'
त्या दोन बोटांबद्दल
त्यात एक अक्षर नव्हतं.