चौथा खळगा

हजर: सतरा. कळवून गैरहजर: दोघं.
न कळवता: पेंटी. त्याची कुत्री व्यायली, हे मागून समजलं.
कॉफीच्या दोन किटल्या, दालचिनीचे पाव,
भिंतीवर मूसची शिंगं, आणि शिंगांवर
कुणाचे तरी ओले हातमोजे वाळत घातलेले.
मी हिल्का, मंडळाची चिटणीस. बावीस वर्षं मीच लिहिते.

शिकारीचा भाग लवकर उरकतो.
परवाने अकरा, मूस दहा.
अकराव्याच्या वेळी आर्मीनं नेम धरला होता
आणि मादीच्या मागून, झुडपातून,
गुडघ्यांवर अजून विश्वास नसलेलं वासरू आलं.
आर्मी म्हणतो, दुर्बिणीच्या काचेवर दव होतं.
मी लिहिलं: एक परवाना न वापरलेला. कारण: दव.

फेब्रुवारीत आम्ही स्कीवरून त्रिकोण चालतो,
एकेक बाजू चार किलोमीटर,
रात्रीतून बर्फावरून कोण कोण गेलं ते मोजत.
ससे पुष्कळ. कोल्हा एका दोऱ्यात शिवत गेलेला.
एकदा वूल्वरिनचे पंजे. तेव्हा कुणीच बोललं नाही;
आउनेनं टोपी काढली, आणि लगेच घातली.
उणे एकोणतीस होतं.

मग नदी.
इथे ओइवा खुर्ची पुढे ओढतो.

छप्पन साली तो सतरा वर्षांचा होता.
ओंडक्यांना कारखान्यापर्यंत मोकळी वाट हवी होती,
वाटेत दगड होते, आणि दगडांना कान नव्हते.
पहारीनं भोक, भोकात सुरुंग, पळा.
दोन उन्हाळ्यांत नदी सरळ झाली
इस्त्री केलेल्या विजारीसारखी.
पहिल्या पगारातून आईच्या शिवणयंत्राचा हप्ता.
"पगार चांगला होता," तो अजून म्हणतो,
कुणी विचारलेलं नसताना.

आता ओंडके ट्रकनं जातात.
नदीकडून कुणाला काही नको होतं,
आणि नदीत काही उरलंही नव्हतं.

पाच उन्हाळे आम्ही दगड परत ठेवतोय.
मोठे एक्सकॅव्हेटर ठेवतो. गोटे आम्ही, बादल्यांनी,
अंड्याएवढे ते मुठीएवढे,
ट्राउटच्या मादीला शेपटीनं सरकवता येतील एवढेच.
मत्स्यखात्याचा पोरगा नकाशा घेऊन येतो.
ओइवा काठावरून काठी उगारतो:
हा तिथे नव्हता. डावीकडे. अजून.
याच्या पोटाला कपार होती, माझा बूट अडकला होता तिथे.
पोरगा नकाशाची घडी करतो.

दगडाखाली हात सापडला की माणूस धीरानं काढून घेतो.
हा काढून घेत नाही.
हात तिथेच ठेवून दगड नीट बसवतो आहे.

ऑक्टोबरात पाणी पाच अंशांवर आलं.
तळाशी काच लावलेल्या नळीतून आम्ही आळीपाळीनं वाकलो.
शेवाळलेल्या तळात घासून काढल्यासारखा फिका खळगा,
त्याच्यापुढे गोट्यांचा ढीग: खाली अंडी.
एक. वळणावर दुसरा. पुलाखाली तिसरा.
ओइवाला चौथा दिसला.
बूट अडकलेल्या दगडाच्या आडोशाला, म्हणाला.
ओइवाला मोतीबिंदू आहे.
आर्मीनं पाहिलं, मी पाहिलं, पोरानं दोनदा.
आम्हाला प्रकाश हलताना दिसला, एवढंच.

चार लिही, असं तो म्हणाला नाही.
बर्चच्या खोडाला टेकून त्याने नाक शिंकरलं
आणि किटलीत काही उरलंय का विचारलं.

मी तीन लिहिले.
आकडे पुढे जातात, त्यांच्यावर निधी ठरतो,
आणि खोटा मासा पोहत परत येत नाही.

खाली तपासनीस म्हणून ओइवाची सही,
इतकी दाबून की पुढच्या पानावर उमटली.
ते पान मांसवाटपाचं: कुणाला मांडी, कुणाला फासळ्या,
पेंटीला हाडं, नव्या पिल्लांसह.
उमटलेल्या चरावर पेन अडखळत होतं.
ती एक ओळ मी कोरी सोडली
आणि खालून यादी सुरू केली.