शेवटचा ड्रिपर

जळगावच्या एआरटी सेंटरात
तडवी सिस्टरनं कागद माझ्याकडे फिरवला:
रक्तात विषाणू सापडत नाही.
मी घडी करून खिशात घातला, उठलो नाही.
मागं रांग खोकत होती.

विचारायचं होतं ते अहिराणीतच आलं तोंडात,
"तठलगून पोचस का गोयी?"
बोटानं दाखवायची लाज वाटली.
तिला वाटली नाही.

म्हणाली, तिथं जरा वेगळं असतं भाऊ,
पेशींची भिंत असते राखणीला.
एखादं औषध मुबलक उतरतं, एखादं थेंबभर.
पण रक्तात दबला की वीर्यातही बहुधा दबतो.
सहा महिने असाच कागद आणा, एकही गोळी चुकवू नका,
मग बोलू लेकराचं.

मी चोपड्याकडचा ठिबकवाला.
मोटर चालू, मीटर बरोबर, मालक खूश,
आणि बांधालगतच्या केळीचा ड्रिपर क्षारानं बुजलेला,
असं किती पाहिलं.
मीटरवर माझा भरवसा नाही.

देवका काही विचारत नाही.
रात्री नऊला ताटलीत गोळी ठेवते,
आणि मी गिळेपर्यंत गळ्याकडे बघत राहते,
जसा मी उकिडवा बसून बघतो
नळीच्या टोकाशी
ओली होते का माती.